परतीचं पाकीट

शालिकराम तितरमारे या माणसाला स्वतःच्याच हस्ताक्षराचा कंटाळा आला होता. अक्षर वाईट नव्हतं. चांगलं टपोरं, सुटं सुटं होतं. पण रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे बसून बारा ते आठ तो याच अक्षरात लोकांची नावं, वयं आणि दुखणी लिहायचा. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला जेवून निघावं म्हणून पाटावर बसला की नत्थूजी पोस्टमन सायकलची घंटी वाजवत दारात हजर, आणि त्याच्या हातातल्या जाड पाकिटावर पुन्हा तेच अक्षर. श्री. शालिकराम तितरमारे, सक्करदरा, नागपूर.

"घ्या भाऊ," नत्थूजी म्हणायचा, "तुमचंच पत्र तुमाले."

ज्यांनी जन्मात कधी मासिकाला कथा पाठवली नाही, अशा सुखी लोकांना हा प्रकार सांगावा लागेल. कथा पाठवायची ती फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला लिहून, डावीकडे समास सोडून. सोबत आपलाच पत्ता घातलेलं, आपणच तिकीट लावलेलं एक पाकीट जोडायचं. कथा पसंत नसली की संपादक ती त्या पाकिटात कोंबून परत पाठवतात. आत बोटभर छापील चिठ्ठी असते: साभार परत. आभार नेमके कशाचे, ते कोणी सांगत नाही. शालिकरामनं एकसष्ट साली पहिली कथा पाठवली होती. आता अठ्ठ्याहत्तर उजाडलं होतं. सतरा वर्षं त्याच्या कथा महाराष्ट्रभर हिंडून आल्या. तो स्वतः मात्र कुहीच्या पलीकडचं आपलं गाव आणि नागपूर सोडून फारसा कुठे गेला नव्हता.

त्याची बायको गोपिका तोंडानं फटकळ होती, पण मनानं त्याच्या बाजूची. ती म्हणायची, "लिफाफा आपला, तिकीट आपलं, अन् येते बी आपल्याच घरी. मंग जाते कायले बाहेर?" शालिकराम हसायचा. अलीकडे अलीकडे हसायचंही राहून जायचं.

थकवा लिहिण्याचा नव्हता. पहाटे पाचला उठून, स्टोव्हवर चहा ठेवून तो लिहायला बसे तेव्हा त्याला बरं वाटे. थकवा पाठवण्याचा होता. तीच कथा पुन्हा उतरवून काढा, कार्बन लावा, पाकिटात पाकीट घाला, आणि पुन्हा महिनोन् महिने नत्थूजीच्या घंटीकडे कान लावून बसा. त्या घंटीनं त्याची भूक मरायला लागली होती, आणि वय तर जेमतेम पंचेचाळीस.

त्या वर्षी पाडव्याला त्यानं गोपिकेला सांगितलं, "एकच कथा राह्यली आता माही. 'रोवणी'. ते एकदा छापून आली न, का बस. मंग मी हे सोडतो."

"अन् नाई आली तं?"

"तरी सोडतो."

'रोवणी' त्याच्या आईवर होती. देवकी तिचं नाव. भाताच्या बांधीत चिखलात उभी राहून रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, करता करता तिला ताप भरला, आणि ओळ पुरी झाल्याशिवाय ती बाहेर आली नाही. त्या तापातच गेली. तेव्हा शालिकराम अकरा वर्षांचा होता आणि बांधावर बसून होता. ही गोष्ट त्यानं सतरा वर्षांत सहा वेळा नव्यानं लिहिली होती. दर खेपेला ती जरा आणखी साहित्यिक झाली. आभाळ गहिवरलं, माती हुंदकली. संपादकांना असंच आवडतं, असं त्याला वाटे. आईचं नाव एकदा छापील अक्षरात दिसावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

नागपुरातूनच 'पळसपान' नावाचा एक दिवाळी अंक निघे. चंपतराव नावाचे एक निवृत्त प्राध्यापक तो धंतोलीतल्या आपल्या घरून काढत. शालिकरामनं चैत्रात 'रोवणी' तिकडे पाठवली. 'पळसपान'चे नियम छापील होते: साहित्य इतरत्र पाठवलेले नसावे, तीन महिन्यांत उत्तर न आल्यास नापसंत समजावे. शालिकराम नियमाला देव मानणारा माणूस. तो तीन महिने थांबला. परतीचं पाकीट आलं नाही. मग त्यानं एक जोडकार्ड टाकलं. जोडकार्ड म्हणजे एकाला एक चिकटलेली दोन कार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसरं समोरच्यानं फाडून उत्तराला वापरायचं, पैसे आधीच भरलेले. त्याचंही उत्तर आलं नाही.

आता कुणीही म्हणेल, अरे, धंतोली काय लंडनला आहे? सायकलवर टांग टाकली की पाव तासात पोचशील, जाऊन विचार की. शालिकराम गेलाही. एका रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून गेला. फाटकाशी सायकल लावली. आत व्हरांड्यात चारपाच माणसं वेताच्या खुर्च्यांवर बसून चहा पीत होती, मोठमोठ्यानं हसत होती. फाटकाची कडी त्यानं हातात धरली. मग मनात आलं, आत जाऊन सांगायचं काय? मी तितरमारे? आडनाव ऐकूनच कोणी तरी फिस्सकन हसेल. शाळेपासून हसतच आले होते. बरं, उभ्या उभ्या नाही म्हणाले तर? पाकिटातला नकार घरी एकट्यानं वाचता येतो. हा पाच जणांसमोर घ्यावा लागेल. त्यानं कडी हळूच सोडली, आवाज होऊ न देता, आणि सायकल वळवली. भीड माणसाचं किती नुकसान करते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही म्हणून ती टिकून आहे.

तीन महिने संपून वर तीन आठवडे झाले होते. नियमाप्रमाणे कथा नापसंत. त्यानं कार्बन प्रतीवरून 'रोवणी' पुन्हा उतरवली आणि मराठवाड्यातून निघणाऱ्या 'पारंबी' या त्रैमासिकाला पाठवून दिली. सोबत, अर्थातच, परतीचं पाकीट.

धनतेरसच्या दिवशी नत्थूजीनं घंटी वाजवली ती नेहमीसारखी नव्हती, असं गोपिका पुढे कितीतरी दिवस सांगत असे. त्याच्या हातात पाकीट नव्हतं, बुकपोस्टाचं गुंडाळं होतं. आत 'पळसपान'चा अंक. पान एकशे बारा: रोवणी, शालिकराम तितरमारे. चंपतरावांनी कथा पहिल्याच आठवड्यात पसंत केली होती. फक्त लेखकाला कळवायची त्यांची पद्धत नव्हती. छापून आलं की कळेलच की!

शालिकराम ताटावरून उठला. हात धुवायचंही त्याला सुचेना. गोपिकेनं अंकाला कुंकू लावलं आणि लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवला. शेजारणींना पान उघडून दाखवलं, "हे पाहा वं, माह्या सासूचं नाव." शालिकराम भिंतीला टेकून बसला होता. सतरा वर्षांनी त्याला पोटभर जेवावंसं वाटलं आणि तो जेवला. तो आनंद सहा दिवस टिकला.

भाऊबीज उलटून दोन दिवस झाले आणि दुसरं गुंडाळं आलं. 'पारंबी'चा दिवाळी विशेषांक; त्यांनीही आधी काही कळवलं नव्हतं. पान चौसष्ट: रोवणी, शालिकराम तितरमारे.

गोपिका आनंदानं म्हणाली, "दोन दोन जागी! पाहा बरं!"

"चूप वं," तो म्हणाला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला असं कधी म्हटलं नव्हतं. अंक त्यानं गादीखाली सारला आणि जेवण टाकून कामाला निघून गेला.

एकच कथा दोघांना विकणारा लेखक म्हणजे त्या छोट्या जगात चोरच. आठवड्याभरात 'पारंबी'च्या संपादकांचं पत्र आलं, आणि या खेपेला पाकिटावरचं अक्षर परक्याचं होतं. 'आपण आमची फसवणूक केलीत. आपल्यासारख्यांमुळे प्रामाणिक लेखकांवरचाही विश्वास उडतो. यापुढे साहित्य पाठवू नये.' चंपतरावांचं कार्ड मागोमाग आलं. ते तर दोनच ओळींचं होतं, आणि उत्तर द्यायची त्यांची पद्धत नसताना त्यांनी एवढे कष्ट घेतले होते.

साभार परत परवडलं असतं. सतरा वर्षांत त्याला कोणी लबाड म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या पहाटे त्यानं 'पारंबी'ला माफीचं पत्र लिहिलं. कच्चं नाही, पक्कं नाही, एका बैठकीत, जसं सुचलं तसं. धंतोलीच्या फाटकाची कडी किती थंड होती ते लिहिलं. आडनावाचं लिहिलं. आईचं लिहिलं: 'ती ओळ पुरी करून आली, मी तिला बोलावलं नाही. बांधावरून हाक मारायला मला भीड वाटली, कारण बाकीच्या बाया हसल्या असत्या. धंतोलीला तीच भीड वाटली. मी लबाड नाही. मी हाक न मारणारा माणूस आहे.' त्यात आभाळ गहिवरलं नाही की माती हुंदकली नाही. खाली पत्ता घातला. परतीचं पाकीट जोडलं नाही. माफी कोणी साभार परत करत नाही.

मग त्यानं उरलेले कोरे फुलस्केप गोपिकेला दिले. तिनं ते डब्यांच्या फळीवर अंथरले. कार्बन कागद चुलीत गेले. पहाटे पाचची जाग मात्र जाईना. तो आपला उठायचा, चहा करायचा आणि कपाकडे बघत बसायचा. गोपिका पडल्या पडल्या बघायची.

मार्चमध्ये 'पारंबी'चा पुढचा अंक आला. संपादकांनी वाचकांच्या पत्रव्यवहारात त्याचं माफीचं पत्र जसंच्या तसं छापलं होतं, पत्त्यासकट, त्याला न विचारता. शालिकरामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आईला त्यानं हाक मारली नाही, हे त्यानं गोपिकेलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तिनं ते वाचलं. दोनदा वाचलं. नंतर फळीवरचे डबे उतरवले आणि खालचे कागद ओढून काढायला लागली.

"काय करून राह्यली तू?"

"मुंग्या झाल्या," ती म्हणाली. डोळे पुसले, कागद झटकले आणि टेबलावर ठेवून दिले. मुंगी एकही नव्हती.

पंधरा दिवसांनी नत्थूजी आला. "भाऊ, हे तुमच्या अक्षरातलं नाई गा," म्हणत त्यानं एक कार्ड पुढे केलं. चंद्रपूरकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या पुष्पलता नावाच्या शिक्षिकेचं होतं. शालिकरामनं ते उभ्यानंच वाचलं.

'तुमचं पत्र वाचलं. तुमची कथाही दिवाळीत वाचली होती. खरं सांगते, ती लक्षात राहिली नाही. पत्र मात्र मला झोपू देत नाही. माझी आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मीही हाक मारली नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला आता कसं वाटतं, ते कळवाल का?'

लक्षात राहिली नाही. सतरा वर्षं, सहा वेळा लिहिलेली ती कथा लक्षात राहिली नाही. शालिकराम पाटावर बसला. ते वाक्य त्याला लागलं, चांगलंच लागलं. आणि ते खरं आहे हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

मग कार्ड हातात जाड लागतंय म्हणून त्यानं उलटून पाहिलं. ते जोडकार्ड होतं. दुसरा अर्धा भाग कोरा होता; फक्त त्यावर त्या बाईनं आपल्या तिरप्या अक्षरात स्वतःचा पत्ता लिहून ठेवला होता.

स्वतःचाच पत्ता लिहून ठेवून मग परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसणं म्हणजे काय असतं, हे नागपुरात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आज एका माणसानं ते त्याच्यासाठी केलं होतं. ती तिकडे आता रोज पोस्टमनची वाट बघत असणार.

"जेवता का नाई?" गोपिकेनं विचारलं. "बारा वाजून राह्यले."

"थांब वं," शालिकराम थकल्या आवाजात म्हणाला. "पयले पेन दे. बाई वाट पाहत असंन."