घरात आलेलं शिसं

कुपवाडला मी सहा वर्षं टेम्पो चालवला. माल एकच, निकामी झालेल्या बॅटऱ्या. कराडची गॅरेजं, साताऱ्यातले इन्व्हर्टरवाले, हायवेला पार खंडाळ्यापर्यंतच्या ट्रकदुरुस्तीच्या टपऱ्या, सगळीकडून त्या गोळा करायच्या आणि एका शेडमध्ये आणून उतरवायच्या. शेडला पाटी नव्हती. आत चार माणसं कुऱ्हाडीनं बॅटऱ्या फोडायची, त्यातलं ॲसिड मागच्या चरात ओतायची आणि शिसं भट्टीत वितळवून त्याच्या लाद्या पाडायची. त्याच शिशाच्या पुन्हा नव्या बॅटऱ्या होतात. मालक म्हणायचा, "गड्या, आपल्या धंद्यात कायबी वाया जात न्हाई." मलाही ते पटायचं. विजेवरच्या रिक्षा आल्या तेव्हा तर वाटलं, रस्त्यावरचा धूरही कमी होईल आणि आपलं कामही वाढेल.

टेम्पो खाली होईपर्यंत नुसतं बसवत नसे, म्हणून मीही फोडायला हात लावायचो. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत कपडे राखाडी झालेले असायचे. मुलगी दारातच पायांना मिठी मारायची. बॅटऱ्यांचे रिकामे डबेही मी घरी आणले होते. बायकोनं त्यात मेथी आणि कोथिंबीर लावली होती.

मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत फार बडबडी होती. पुढं तिचं पोट दुखायला लागलं. जेवेना, चिडचिड करायची, अंगणात बसून माती खायची. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग रक्तवाढीचं. फरक पडला नाही. मग ती एकेक शब्द विसरायला लागली. आधी चांदोबा गेला, मग मामा. शेवटी पाणी हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायची.

मिरजेच्या एका डॉक्टरबाईंकडे आम्ही तिला नेलं. त्यांनी तिला तपासलं आणि मला विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"ड्रायव्हर हाय."

"गाडीत काय भरता?"

मी सांगितलं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. "तोंड उघडा."

मी मुलीला म्हटलं, "आ कर, बाळ."

"तिचं नव्हे, तुमचं."

टॉर्च मारून त्यांनी माझ्या हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. रोज दात घासताना ती मला दिसायची, मला वाटायचं तंबाखूची असेल.

मुलीचं रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. रिपोर्ट आला तेव्हा बाई म्हणाल्या, "हिच्या अंगात शिसं गेलंय, आणि बरंच गेलंय." ते कुठून गेलं हे माझ्याआधी बायकोच्या ध्यानात आलं.

"आवं, तुमच्या कापडांतनं," ती म्हणाली. "मी ज्या दगडावर ती धूत हुती, त्याच दगडावर हिला आंघूळ घालीत हुती."

तिनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. ती स्वतःलाच देत होती.

मुलीला दवाखान्यात ठेवलं, औषधं झाली. बाईंनी स्पष्ट सांगितलं, रक्तातलं शिसं उतरेल, पण हिचं गेलेलं बोलणं सगळं परत येईलच असं नाही. आणि घरातलं शिसं आधी निघालं पाहिजे. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. गादी, ते डबे, अंगणातली वरची माती, सगळं काढायचं.

मी काम सोडलं. मालक म्हणाला, "मास्क देतो की रं. एवढं काय मनावर घेतोस?" फोडणाऱ्या चौघांना मी सगळं सांगितलं. त्यातल्या थोरल्याला कितीतरी महिने शर्टाची बटणं लावता येत नव्हती, मनगटंच उचलत नव्हती. "वय झालं म्हणून आसंल आसं वाटलं मला," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर गेला.

मी तक्रार दिली. साहेब लोक आले तोवर शेड रिकामी झाली होती. भट्टी दुसरीकडे कुठं तरी लागली, असं नंतर कानावर आलं.

आम्ही अंगण वीतभर खरवडलं. चार पोती माती निघाली. घंटागाडीवाला पोत्यांना हात लावेना. कचेरीत म्हणाले, अर्ज करा. अर्ज केला, कुणी आलं नाही. पोती ताडपत्रीखाली पडून राहिली आणि मुलगी त्यांच्यावर जाऊन बसायची. एक दिवस मी मित्राचा टेम्पो आणला आणि ती पोती शेडमागच्या चरात ओतून आलो. तिथं आधीच तेच होतं, अशी मनाची समजूत घातली.

दोन वर्षांनी तिथं प्लॉट पडले. मी तेव्हा दुधाचा टेम्पो चालवत होतो. जाता-येता दिसलं, चर बुजवून त्यावर दोन खोल्या उठल्या होत्या. एक बाई वांग्यांना पाणी घालत होती आणि दोन पोरं मातीत खेळत होती. आठ-दहा दिवस मी मान वळवून तसाच पुढं गेलो. एकदा जेवताना बायकोला सांगितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"उद्या जायाचं. मी बी येती."

आम्ही गेलो. बाईनं उभ्यानंच सगळं ऐकलं. मग म्हणाली, "प्लॉट घिऊन घर बांधलंय आमी. आता कुठं जायाचं?" बायको म्हणाली, "पोरांचं रक्त तरी तपासून घ्या. डॉक्टर आमी दावतो."

थोरल्याचं ठीक निघालं. धाकटीचं नाही.

रिपोर्ट घडी घालत त्या बाईनं मला विचारलं, "ती माती तुमी कवा टाकली?"

मी सांगितलं. ती ओरडली नाही. त्यानंतर मात्र ती माझ्याशी बोललेली नाही. काय विचारायचं ते माझ्या बायकोला विचारते. वांगी तिनं उपटून टाकली आणि सगळ्या अंगणात फरशी घातली. फरशीच्या कडेनं अजून माती निघते, असं बायको सांगते.

माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. पाणी मागते, आई म्हणते, मोजके शब्द बोलते. रात्री शिकवलेलं अक्षर सकाळी तिला ओळखू येत नाही. बायको पुन्हा तेच अक्षर काढून देते. दर काही महिन्यांनी रक्त तपासायला मिरजेला जातो तेव्हा प्लॉटवरची ती बाईही धाकटीला घेऊन आलेली असते. दोघी पोरी एकमेकींजवळ जाऊन बसतात. मी बाहेर पायरीवर थांबतो.