कपाटात ठेवलेला फोन

चंपतरावांनी आयुष्यभर लोकांच्या घरचे वीजमीटर वाचले. आधी सायकलवर, मग लुनावर, नागपुरात सक्करदऱ्यापासून पार हुडकेश्वरपर्यंत, जेव्हा तिकडे घरांपेक्षा शेतंच जास्त होती. बिल जास्त आलं म्हणून कुणी भांडायला आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "मीटर खोटं बोलत नाही गा. घरात कोणी काहीतरी चालवून राहिलं असन, शोधून पाह्य." आणि बहुतेक वेळा तसंच निघे. कुणाच्या भाडेकऱ्यानं शेगडी लपवलेली, कुणाच्या भावानं शेजारी वायर दिलेली. निवृत्त होईपर्यंत त्यांचा माणसांपेक्षा आकड्यावर जास्त भरवसा बसला होता.

पुढे हुडकेश्वरलाच त्यांनी घर बांधलं. बायको गेल्यावर घरात तिघंच उरले: ते, मुलगा पियुष आणि सून नूपुर. पियुष बुटीबोरीच्या कारखान्यात जाई. नूपुर घरी ब्लाउज शिवत असे. चंपतरावांचा फोन म्हणजे पियुषनं वापरून दिलेला जुना. त्यावरचं सगळं नूपुरच करायची. सिलिंडरचा नंबर लावायचा असो की बिल भरायचं, "आणा इकडे बाबा," म्हणायची आणि मशीनवरून न उठता करून द्यायची.

उन्हाळा लागला तसा फोन बिघडला. चंपतराव तो टेबलावर ठेवून दुपारी आडवे होत, तेव्हा बॅटरी सत्तर टक्के असे. उठून पाहावं तर तीस. एकदा चाळीसवर असताना फोन सरळ बंदच पडला. आता आकडा उतरतो म्हणजे कुणीतरी वापरतंय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं झालं. आणि दुपारी घरात दुसरं होतं कोण?

त्याच आठवड्यात नूपुरची आई, यमुताई, उमरेडकडच्या गावाहून चार दिवस राहायला आली होती. शेतावरची नवी मिरची लेकीसाठी निवडून आणली होती. संध्याकाळी मायलेकी चहा पीत बसल्या असताना चंपतराव फोन हातात घेऊन आतून आले.

"माह्या फोनची बॅटरी कोण खाऊन राहिलं?"

नूपुरला काही कळलं नाही. "म्हणजे बाबा?"

"म्हणजे काय म्हणजे! मी झोपलो की व्हिडिओ पाहत असशीन. पाह्य ना, मले काही हरकत नाही. पण विचारून घेत जा वं. असं चोरून कायले?"

नूपुरनं आईकडे पाहिलं. यमुताईंनी कप खाली ठेवला. "भाऊ, तिच्याजवळ तिचा फोन आहे ना," त्या हळूच म्हणाल्या.

"तिचा नेटपॅक खर्ची पडू नाही म्हणून माहा वापरत असन," चंपतराव बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी यमुताईंनी पिशवी भरली. शेतात बाया लावल्या आहेत, जायला पाहिजे, म्हणाल्या. नूपुर त्यांना बसपर्यंत सोडून आली आणि मशीनवर बसली. त्या दिवसापासून तिनं सासऱ्यांच्या फोनला हात लावला नाही.

चंपतरावांना मात्र पुरावा हवा होता. नोकरीत असताना कुणाच्या मीटरचा संशय आला की ते मेन स्विच बंद करवत आणि चकती फिरते का पाहत. तसंच त्यांनी इथं केलं. सकाळी फोनवरचं सगळं बंद केलं, बॅटरी बासष्ट आहे हे पाहून घेतलं आणि फोन आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली बनियनच्या खिशात टाकली. मग तलावाकडे फिरायला गेले, एका जुन्या सोबत्याकडे बसले, जेवायला परत आले.

कपाट उघडलं. फोनवर आकडा होता एकोणीस.

त्यांनी हातातली किल्ली चाचपली. कुलपाकडे पाहिलं. मग काहीतरी करावं म्हणून फोन बंद करून पुन्हा सुरू केला, तर आकडा झाला एकेचाळीस. कुणी चार्जिंगला लावला नव्हता, कुणी हात लावला नव्हता, आणि तो बावीसनं वाढला होता.

चंपतराव पलंगावर टेकले. बाहेर मशीन चालल्याचा आवाज येत होता. आपण कुणाला पकडायला निघालो होतो आणि काय सापडलं, हे समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. फोनचं मीटरच बिघडलं होतं. नूपुरनं जेवायला हाक मारली, तेव्हा त्यांना भूक नाही असं सांगावं लागलं, कारण तिच्यासमोर बसायचा धीर नव्हता.

बाहेर जाऊन तिला दोन शब्द बोलले असते तर तिथंच मिटलं असतं. पण ते बोलले नाहीत. आज बोलू, उद्या बोलू, असं करत राहिले. मधेच एकदा नूपुरच्या फोनचा रिचार्ज संपला. गिऱ्हाइकाला फोन लावायचा होता. चंपतराव समोरच्या खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर होता. ती त्यांच्यासमोरून गेली आणि शेजारच्या सोनिकाच्या घरून फोन करून आली. त्यांनी मान खाली घातली.

शेवटी त्यांनी ठरवलं, आधी विहिणीला बोलायचं. म्हाताऱ्या माणसाची माफी म्हातारं माणूस समजून घेईल, आणि सुनेसमोर लाजावं लागणार नाही, असा त्यात थोडा पळपुटेपणाही होता. संध्याकाळी ते गच्चीवर गेले. बॅटरी अडतीस होती.

"यमुताई, मी चंपतराव बोलून राहिलो."

"बोला भाऊ." आवाज कोरडा होता.

"मी म्हणत होतो... ते परवा नूपुरचं..."

आणि फोन मेला. पडदा काळा झाला. बटण दाबून दाबून त्यांचा अंगठा दुखला, पण फोन उठेना. यमुताईंना काय वाटलं असेल, हे मनात येईपर्यंत जिन्यावर पावलं वाजली. नूपुर वर आली. तिच्या हातात तिचा फोन होता आणि चेहरा उतरला होता.

"बाबा, आईचा फोन आहे. तुम्ही माहं नाव घेऊन फोन कापला म्हणते. आता काय केलं मी?"

चंपतरावांना वाटलं, जमीन दुभंगावी. तिनं "आता" म्हटलं होतं. म्हणजे आधीचंही तिनं स्वतःच्याच नावावर मांडून ठेवलं होतं.

"काही नाही केलं तू," ते म्हणाले. "मागंही नव्हतं केलं. स्पीकर लाव. तिले पण आयकू दे."

मग त्यांनी कपाटापासून सगळं सांगितलं. किल्ली, कुलूप, एकोणीस, एकेचाळीस. "तुले चोर म्हटलं म्या, तुह्या मायसमोर. अन् खरं कळल्यावरही तोंड लपवून बसलो. चुकलं माहं."

पलीकडून यमुताई म्हणाल्या, "बरं भाऊ. पोरीले जपा." आणि फोन ठेवला.

"तुम्ही कुलूप लावलं होतं?" नूपुरनं विचारलं.

"हो."

"माह्यासाठी?"

ती खाली गेली. पण थोड्या वेळानं तिनं फोन मागितला. तो एकदा पूर्ण बंद पडेपर्यंत चालवला आणि मग न काढता शंभरपर्यंत चार्ज केला. अशानं आकडा कधी कधी ताळ्यावर येतो, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. दोन दिवस बरा चालला, पुन्हा उड्या मारू लागला. मग पियुषनं सुट्टीच्या दिवशी सीताबर्डीला नेऊन नवी बॅटरी टाकून आणली. दुकानदार म्हणाला, जुनी फुगायला लागली होती. ती म्हातारी झाली की फोनचा अंदाज चुकतो, त्यात कुणाचा दोष नसतो. पियुषनं हे जेवताना जसंच्या तसं सांगितलं. झाल्या प्रकारातलं नूपुरनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. चंपतराव ताट तसंच ठेवून हात धुवायला उठले.

फोन आता चांगला चालतो. यमुताई एका लग्नासाठी येऊन गेल्या, हसून बोलल्या, पण मुक्कामाला थांबल्या नाहीत. नूपुर पूर्वीसारखं बिल भरून देते. फक्त फोन स्वतःहून उचलत नाही, चंपतरावांनी हातात द्यावा लागतो, आणि काम झालं की लगेच परत करते. ते आंघोळीला असताना फोन वाजला तर बाहेरून सांगते, "बाबा, फोन वाजून राहिला."

"उचल ना बेटा," ते आतून म्हणतात.

"हो बाबा," ती म्हणते, आणि फोन वाजून वाजून थांबतो.