केतकीची केबिन

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या नावाची पाटी अखेर ऑफिसात लागली. पण अभिनंदन करायची घाई करू नका! आधी पूर्ण ऐका.

परळला आमचं ऑफिस. गिरणी पाडून उभा केलेला काचेचा टॉवर. माझे वडील त्याच गिरणीत साचेखात्यात होते. "पम्या, एक दिवस तुझ्या नावाची पाटी दारावर लागली पायजे," म्हणायचे. मी मात्र अजून झेरॉक्स मशीनच्या शेजारी बसतो.

काम काय? कंपनी दरवर्षी एक गुळगुळीत अहवाल काढते. झाडं किती लावली, पाणी किती वाचवलं आणि बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं कसं वागवलं. त्यातलं 'स्त्री-पुरुष समानता' हे प्रकरण लिहितो मी. होय, मीच! हसताय काय?

तर एके दिवशी आमच्या मजल्यावरची कोपऱ्यातली अडगळीची खोली रंगवायला काढली. आणि रंग कोण पसंत करतंय? केतकी! गिरगावची, माझ्याहून बारा वर्षांनी ज्युनियर, नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून आलेली.

माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी काचेला धुरकट कागद लागला. मग आरामखुर्ची आली. पडदे आले. दाराला आतून कडी बसली. आणि मग छोटा फ्रिज! अहो, साहेबांच्या केबिनमध्ये फ्रिज नाही!

शेवटी राहवलं नाही. "काय केतकी, मजा आहे बुवा तुझी," मी म्हणालो.

"हो ना राणेसाहेब! किती महिने मागे लागले होते. मिळाली एकदाची जागा. आणि खरं सांगू? तुमच्यामुळेच!"

तुमच्यामुळेच! म्हणजे जखमेवर मीठ, तेही हसत हसत. समानतेवर पानंच्या पानं मी लिहायची आणि केबिन हिला!

घरी काळाचौकीला येऊन बायकोपुढे तणतणलो. ती भाकरी थापत होती.

"अहो, तिका मिळाली तर मिळाली. तुमच्या पोटात कित्याक दुखता?"

"कित्याक म्हणजे? माझा हक्क आहे!"

"मग साहेबाक जाऊन इचारा."

विचारायचं? साहेबांना? त्यापेक्षा मला वेगळीच युक्ती सुचली. आमच्या ऑफिसात एकदा लागलेली पाटी कुणी काढत नाही. रिटायर होऊन गावी गेलेल्या सावंतांची पाटी अजूनही एका दारावर चमकते आहे. म्हणजे आधी पाटी ज्याची, खोली त्याची!

लालबागला माझ्या मेव्हण्याचं पाट्यांचं दुकान आहे. त्याच्याकडून पितळी पाटी करून घेतली. 'श्री. प्रमोद वि. राणे'. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठलं आणि चार स्क्रू असे आवळले की भिंत पडली तरी पाटी पडू नये. मग इस्त्रीचा शर्ट नीट करून दारापाशी उभा राहिलो. वडिलांची आठवण येऊन डोळेसुद्धा भरून आले हो.

तेवढ्यात साहेब आले. मागे केतकी, हातात निळी पिशवी. आणि सोबत बाहेरून आलेल्या दोन बायका. अहवालात लिहिलेलं खरं आहे का, ते प्रत्यक्ष बघायला अशी माणसं दरवर्षी येतात.

"या," साहेब म्हणाले, "हा आमचा हिरकणी कक्ष. बाळंतपणानंतर कामावर आलेल्या आयांसाठी. दूध काढायला, ठेवायला सगळी सोय…"

आणि त्यांची नजर पाटीवर गेली.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. आरामखुर्ची, पडदे, कडी, फ्रिज, केतकीच्या हातातली पिशवी, सगळं एका क्षणात लख्ख कळलं. आणि आठवलं ते वाक्य! गेल्या वर्षीच्या अहवालात मीच लिहिलं होतं, 'लवकरच हिरकणी कक्ष सुरू करण्यात येईल.' पान भरत नव्हतं म्हणून लिहिलं होतं हो! केतकीनं तेच वाक्य दाखवून साहेबांकडून खोली मिळवली होती.

त्या दोघींतल्या मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. "हे प्रमोद राणे कोण?"

मी हळूच हात वर केला.

"आणि तुम्ही आत काय करता?"

साहेबांचा चेहरा लाल. माझा पांढरा.

केतकीच पुढे आली. "मॅडम, आम्ही मुलींनी कक्षाला त्यांचं नाव दिलंय. त्यांनी लिहिलं नसतं तर ही खोली झालीच नसती."

बाई गहिवरल्या! मला दाराशी उभं करून फोटो काढला. तो नव्या अहवालात छापून आला, अख्खं पान. त्यामुळे आता पाटी काढायची सोयच उरली नाही.

ऑफिसातल्या मुली आता बिनधास्त म्हणतात, "चल गं, जरा राण्यांकडे जाऊन येते."

आणि मी? मी अजून झेरॉक्सच्या शेजारीच. समोर पितळी पाटीवर माझं नाव झळकतं आणि तिच्याखाली केतकीनं दुसरी पाटी लावली आहे. मेव्हण्याकडूनच करून आणलेली: 'पुरुषांना प्रवेश नाही'.