आज बाबा पोर्तुगालवाल्याच्या बाजूने भांडले

दुपारपासून कशात लक्ष लागत नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारते.

चिक्कडपल्लीला माहेरी रविवारचं जेवण म्हणजे बाबा आणि माझा धाकटा भाऊ मंदार यांचा वाद. जगातला सर्वांत भारी फुटबॉलपटू कोण? बाबांचा अर्जेंटिनावाला, मंदारचा पोर्तुगालवाला. वर्षानुवर्षं हेच. मला तर वीट आला होता.

आज वरणभात कालवता कालवता बाबा कडाडले, "पोर्तुगालवाल्यासारखी उंच उडी मारून हेडर कोण मारतंय, सांग ना!"

मंदार हसला. "बाबा, पार्टी बदलली का?"

"बदलली काय? मी पहिल्यापासून त्याचाच! बकवास नक्को करू!"

बाबा चेष्टा करत नव्हते. आई वाढता वाढता थांबली.

मंदारने मान खाली घातली आणि तो म्हणाला, "पण बाबा, अर्जेंटिनावाल्यासारखा पास कोण देतो?"

बाबांचेच जुने मुद्दे तो बाबांना ऐकवत राहिला. बाबा खुशीत भांडले, भातही परत मागून घेतला.

निघताना जिन्यात मंदार म्हणाला, "ताई, इतक्यात डॉक्टर नको गं."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. जमलं नाही. डॉक्टरची वेळ उद्या मीच घेणार आहे. पण बाबांना काय सांगून नेऊ?