प्रत्येक वाडीचा पहिला विद्यार्थी

शाळेला चाळीस वर्षं झाली तेव्हा हेडमास्तरांनी ठरवलं, की प्रत्येक वाडीतून जो सगळ्यात आधी शाळेत आला, त्याला समारंभात मानाचा नारळ द्यायचा. शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी नवा मास्तर, अक्षर चांगलं, आणि अंगात नको तेवढी खुमखुमी.

रजिस्टर उघडलं आणि कपाळावर हात मारला. मूळ वहीला वाळवी लागलेली. पूर्वीच्या कुणा मास्तराने हाताला येईल ते पान आधी, अशी नवी उतरवलेली. तारखा सगळ्या मागेपुढे. मग मी दर वाडीची एक चिठ्ठी केली. जो प्रथम सापडेल तो लिहायचा. पुढे त्याच्याआधीची तारीख दिसली, की जुनी खोडून ती घालायची. तीन दिवसांत यादी पडवीतल्या फळ्यावर. हेडमास्तर "वा!" म्हणाले. मला ते पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी आचऱ्याच्या बाजाराला निघालेली एक मासेवाली पाटी उतरवून फळ्यापुढे थांबली. बोट ठेवून, अक्षर लावत तिने यादी वाचली आणि सरळ माझ्या वर्गात आली.

"मास्तरांनु, ह्या कोणी लिवल्यान?"

"मी," मी ऐटीत म्हटलं.

"आमच्या वाडीतसून पयली शाळेत मी इलंय. बापाशीन हाताक धरून हाडल्यान माका. आणि हंय नाव माझ्या भावाचा? तेवा तो पाळण्यात आंगठो चोखत होतो!"

भाऊ म्हणजे वाडीतला मोठा तांडेल, स्वतःच्या होडीचा. त्याने समारंभासाठी कोट इस्त्रीला दिल्याचं गावभर झालं होतं. मला राग आला. "रजिस्टर खोटं बोलत नाही," असं ठणकावून मी ते तिच्यापुढे आपटलं.

रजिस्टर खरंच बोलत होतं. फळ्यावरची तारीख तिचीच होती. आधी भावाची ओळ सापडली, मागाहून तिची. चिठ्ठीवर मी तारीख बदलली आणि नाव तसंच ठेवलं. माझ्या यादीप्रमाणे तांडेल सव्वा वर्षाचा असताना पहिलीत बसला होता. काय हा गाढवपणा! "चुकलं माझं," म्हणालो आणि तिच्यादेखत फळा पुसून तिचं नाव लिहिलं.

ती हलली नाही. "माझ्या नावाफुडे आणखी काय आसा?"

रजिस्टरात शेऱ्याचा रकाना होता. मी वाचायला नको होतं, पण वाचलं. "सतत गैरहजर. नाव कमी केले."

"गैरहजर?" तिचा आवाज चढला. "आवस माझी मेली, तिची माशांची पाटी माझ्या डोक्यार इली. पण दोन वर्सां मी थंय, त्या खिडकीखाली मासे घेवन बसत होतंय. तुमच्या पोरांका येनत नाय तितके पाढे माका येतत."

आणि तिने सोळाचा पाढा म्हटला. न अडखळता. मला फार वाईट वाटलं.

रजिस्टरात खाडाखोड करायची नाही, असा नियम आहे. मी "सतत गैरहजर" खोडलं, वर "खिडकीखाली हजर" असं लिहिलं आणि खाली सही केली.