डाळीतलं मीठ

अळणी डाळ जिभेला लागली की पवनीच्या मशिदीतला तो पांढरा पडदा आठवतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत अब्बा त्याआड एतेकाफला, म्हणजे मशिदीतच राहून प्रार्थनेला, बसले होते. ईदचा चंद्र दिसेपर्यंत मशीद सोडायची नव्हती. इफ्तारचा डबा मी नेत असे. रोज्यात चव न घेताही अम्मीचं मीठ कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी तापानं तिला उठवेना, म्हणून डाळ मी केली. "त्याहिले सांगू नको, इबादत सोडून येतीन," ती म्हणाली. अब्बांनी पहिल्याच घासाला विचारलं, "अम्मी बरी हाये ना? डाळीत मीठच नाही." मी म्हणालो, "घाईत राहून गेलं तिच्याकडून." ते हसले, "म्हातारी झाली आता." दोन दिवसांनी निरोप मिळून ते घरी आले, तेव्हा अम्मी गेली होती. त्यांनी मला कधीच जाब विचारला नाही. आता रोज डाळ मीच करतो. कधी अळणी झाली तरी अब्बा वरून मीठ मागत नाहीत.