मुकादम

कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिली मीच, आणि हे मी आजही मान ताठ करून सांगते. पण नव्वदच्या दशकात, अमेरिकेत ॲन आर्बरला पीएच.डी. करताना ती मान बहुतेक वेळा बसच्या काचेला टेकलेली असायची. आठवडाभर शिकायचं, शिकवायचं, आणि रविवारी जवळच्या ट्रॉय शहरात आपल्या लोकांच्या मुलांचा वर्ग घ्यायचा.

त्या वर्षी एप्रिलच्या जयंतीचं भाषण माझ्याकडे आलं. विषय माझ्याच अभ्यासाचा : हैतीतल्या गुलामांची क्रांती. ज्यांच्या बेसमेंटमध्ये वर्ग भरायचा, त्या काकांना मी ते आधी ऐकवलं. तिथे उसाच्या मळ्यांवर गुलामांकडून काम करून घेणारे मुकादम स्वतःही गुलामच. उठावाचे कितीतरी पुढारी त्यांच्यातूनच आले. हुकूम देणं त्यांना येत होतं, आणि रात्रीच्या नाचगाण्याच्या निमित्तानं उठावासाठी माणसं गोळा करणंही.

"मुकादम काय म्हणतेस? सेनापती म्हण," काका म्हणाले. "पोरांना हीरो पाहिजे."

"माझ्या आईनं मुकादमाच्या हाताखाली ऊस तोडलाय, काका. मला दुसरा शब्द येत नाही."

"आणि गुलामी गेल्यावर पुढाऱ्यांनी त्याच लोकांना बंदुकीच्या धाकानं परत मळ्यावर धाडलं, हे तर कॅन्सलच कर. जयंती आहे अगं!"

किचनमधून काकू ओरडल्या, "सांगू दे की तिला! आमच्याही पुढाऱ्यांचं भाषण संपलं की खरकटी ताटं घासायला आमच्याकडेच येतात."

मला हसूही आलं नाही, इतकी दमले होते. "अर्धंच सांगायचं असेल तर दुसरं कुणी बघा," म्हटलं आणि कोट चढवला.

सोडायला काकाच आले. फ्रीवेवर पाऊस लागला, काकांनी वायपर लावला. मग समोर बघतच ते म्हणाले, "माझा बाप मुकादम होता. टोळी आपल्याच लोकांची, आणि शिव्याही त्यांनाच."

मी त्यांच्याकडे वळले.

"मी शिकलो ते त्याच्याच जिवावर. तुझ्या आईसारख्यांच्या, म्हण."

माझी बिल्डिंग आली. गाडी थांबवूनही त्यांनी दार अनलॉक केलं नाही.

"मग काका, मुकादमच म्हणू?"

"म्हण. पुढचंही सगळं सांग." मग दार अनलॉक करत म्हणाले, "आमच्या वस्तीतली पहिली जयंती माझ्या बापानंच केली होती गं. तेवढं कुठे बसतंय का बघ."

"बघते," म्हटलं. उतरले, आणि जिन्यातच भाषणाचे कागद काढले.